मेन्यूत कॉड, ताटात बासा आणि भिंतीवर भलतंच युद्ध

नाशिकच्या कॉलेज रोडवरून कृषीनगरच्या बाजूला आत वळलं की एका जुन्या बंगल्याच्या पोर्चमध्ये गेल्या दिवाळीपासून सहा टेबलांचं एक दुकान उघडलंय. पाटीवर ब्रिटनचा झेंडा, दाराशी प्लायवूडचा लाल टेलिफोन बूथ, आत पिवळे दिवे. नाव मी लिहिणार नाही. चालवणारा पोरगा गुणी आहे आणि खाली मी जे लिहिणार आहे त्यातलं बरंचसं त्याच्या विरोधात जाणारं आहे. ज्याला जायचंच आहे त्याला बूथ दिसेल.

माशाबद्दल बोलायचा मला काय अधिकार, असं कुणी विचारू नये म्हणून आधी माझं सांगतो. मूळचा हर्णैचा. तीस वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढली, सेकंड इंजिनिअर म्हणून उतरलो. बायको पंचवटीची. नोकरीभर ती माझ्यामागे कोकणात राहिली, म्हणून निवृत्तीनंतर मी तिच्यामागे गोदावरीकाठी आलो. हवा उत्तम, पाणी उत्तम, द्राक्षं तर काय बोलावं. मासळीचं मात्र बोलू नका. मुंबईहून बर्फात निघालेलं पापलेट कसारा घाट चढून इथं पोचेपर्यंत त्याचे डोळे माझ्यापेक्षा म्हातारे झालेले असतात. धरणातला रोहू-कटला मिळतो, पण हर्णैच्या माणसाला गोड्या पाण्यातला मासा म्हणजे बिनसाखरेचा चहा. समोर आला तर पितो, कुरकुरत.

त्यामुळे ‘फिश अँड चिप्स’ अशी पाटी दिसल्यावर मी चालती रिक्षा थांबवली. ही शाकाहारी, त्यात तो गुरुवार होता. “अहो, मी कॉफी घेते, तुम्ही काय ते खाऊन या,” असं म्हणून तिनं दाराजवळचं टेबल पकडलं, म्हणजे वास कमी येईल. मेन्यू जाड कागदाचा, इंग्रजी, जुन्या वर्तमानपत्रासारखा छापलेला. पहिल्याच ओळीत ‘अटलांटिक कॉड, ब्रिटिश पद्धतीच्या बॅटरमध्ये, मशी पीजसह’. किंमत ३६०, वर जीएसटी. कॉड म्हणजे तिकडच्या थंड समुद्रातला मासा. अटलांटिक कॉड ३६० रुपयांत, तोही नाशिकला! मला तिथेच शंका यायला हवी होती. पण भूक लागली की माणूस हिशोब करत नाही.

बॅटरपासून सुरुवात करतो, कारण तिथे पोराला पैकीच्या पैकी. आपल्याकडे मासा म्हणजे रवा लावून तव्यावर, नाही तर तांदळाच्या पिठात घोळवून. हे प्रकरण वेगळं. मैदा, थोडं तांदळाचं पीठ, चिमूटभर खायचा सोडा आणि बर्फासारखा गार सोडा वॉटर. तिकडे बिअर घालतात. इथे परवान्याची भानगड नको म्हणून त्याने बिअर वगळली, आणि फारसं बिघडलं नाही. भिजवलेलं पीठ थंड आणि तेल कडकडीत तापलेलं, सगळी करामत या दोघांच्या भांडणात आहे. वरचं कवच टणटणीत फुगलेलं, बोटाने वाजवलं तर वाजणारं, आत वाफ कोंडलेली. तेलही ताजं होतं. (तिकडची जुनी दुकानं कशात तळतात ते मला फार नंतर कळलं, आणि ते मी घरी अजून सांगितलेलं नाही.)

मग कवच फोडलं. कॉडचं मांस काट्याने नुसतं दाबलं की जाड, चकचकीत पाकळ्या सुट्या होतात, कांदा उलगडावा तशा. इथे आतून एकसलग, मऊ, पाणी सुटलेला पांढरा गोळा निघाला. मी पोराला हाक मारली.

“बाळा, हा कॉड नाही.”

“काका, सप्लायरचं बिल आहे माझ्याकडे...”

“बिल राहू दे. मासा कुठला?”

त्याने स्वयंपाकघराकडे बघितलं, मग हिच्याकडे, मग हळूच म्हणाला, “बासा आहे. पण बासा लिहिलं की लोक म्हणतात, हा तर सगळीकडेच मिळतो. कॉड लिहिलं की फोटो काढतात.”

बासा म्हणून आपल्याकडे जो विकतात तो पंगस, व्हिएतनामच्या नद्यांतला, आता आपल्याही तळ्यांत वाढवतात. वाईट मासा नाही. काटा नाही, वास नाही. चवही नाही, म्हणून सगळ्यांना चालतो. पोराने खरं सांगितलं हे मला आवडलं, म्हणून मी पैसे पूर्ण दिले.

चिप्स गोठवलेल्या पाकिटातल्या, बारीक. ते चुकलंच. खऱ्या चिप्स करंगळीपेक्षा जाड असतात, बाहेरून जेमतेम कुरकुरीत आणि आत बटाट्याच्या भाजीसारख्या मऊ. मशी पीज म्हणजे सुका हिरवा वाटाणा रात्रभर सोड्याच्या पाण्यात भिजवून, गळेपर्यंत शिजवून केलेला लगदा. याने ताजा मटार मिक्सरमधून काढून त्यात पुदिना घातला होता. चवीला चांगला, पण ती चटणी झाली. टार्टर सॉस गोड. माल्ट व्हिनेगर नाहीच, त्याऐवजी चायनीजच्या गाडीवर मिळतं तसं पांढरं. हिची कॉफी मात्र उत्कृष्ट होती, तसं तिनं लिहायला सांगितलंय.

आता भिंतीकडे येतो. हे परीक्षण लिहायचं खरं कारण ती भिंत.

गल्ल्याच्या मागे चार फूट रुंद फोटो लावलाय, काळा-पांढरा, फ्रेम केलेला. खवळलेला समुद्र, एक मोठी राखाडी युद्धनौका आणि तिच्या अगदी अंगाला भिडलेली एक लहान बोट. लहान बोटीच्या मागच्या टोकाला झेंडा फडकतोय, आडवा-उभा क्रॉस असलेला. खाली पोराने स्टिकर चिकटवलाय: ‘ब्रिटनची मासेमारीची परंपरा’. मी चष्मा पुसून पुन्हा बघितला आणि इतका हसलो की ही कॉफी ठेवून उठून आली.

“काय झालं काका?”

“हा फोटो कुठून आणलास?”

“नेटवरून. दोन बोटींची शर्यत आहे ना? समुद्राचा फील येतो.”

ती शर्यत नव्हती. झेंडा आइसलँडचा, लहान बोट त्यांच्या तटरक्षक दलाची आणि मोठं जहाज ब्रिटिश नौदलाचं. दोघांत टक्कर होतेय, आणि कारण आहे तो मेन्यूच्या पहिल्या ओळीतला मासा. या मासळीपायी युरोपातल्या या दोन देशांतले राजनैतिक संबंध तुटले होते. ब्रिटनचा झेंडा लावून मासा विकणाऱ्याने ब्रिटनच्या फजितीचा फोटो गल्ल्यामागे लावावा, म्हणजे पेशव्यांच्या नावाने भोजनालय काढून भिंतीवर पानिपताचं चित्र टांगण्यासारखं आहे.

मला हे माहीत असायचं कारण इमिंगहॅम. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हंबर नदीच्या मुखाशी कोळसा आणि लोहखनिज उतरवायचं ते बंदर. १९९१ च्या हिवाळ्यात आमचं जहाज तिथं नऊ दिवस अडकलं. खलाशांसाठी तिथल्या चर्चची एक संस्था असते, तिची गाडी यायची आणि आम्हाला शेजारच्या ग्रिम्सबी गावात सोडायची. फोन करायला, मोजे घ्यायला, आणि मासा खायला. ग्रिम्सबीच्या गोदीवर विटांचा एक उंच मनोरा आहे, १८५२ सालचा, इटलीतल्या सिएनाच्या मनोऱ्यावरून बेतलेला. त्याच्या पायथ्याशी एके काळी ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत मासे धरणारी जहाजं, इतके खेटून उभे असायचे की एकावरून दुसऱ्यावर पाय टाकत गोदी पार करता यायची, असं गाडीचा चालक सांगायचा. आम्ही गेलो तेव्हा पाणी होतं, सीगल होते, बोटी फारशा नव्हत्या.

तो चालक साठीचा, आधी ट्रॉलरवर होता. दुकानात कागदात गुंडाळलेला मासा हातात घेऊन मी सहज विचारलं, हा इथलाच का? तो म्हणाला, आइसलँडचा. पूर्वी आम्ही जाऊन आणायचो, आता ते विकतात आणि आम्ही घेतो. एवढंच बोलून त्याने व्हिनेगरची बाटली माझ्याकडे सरकवली. बाकीची गोष्ट मला पुढच्या आठ संध्याकाळी तुकड्यातुकड्याने कळली, आणि उरलेली नंतर मी वाचून काढली.

शेतकऱ्याला ही गोष्ट एका शब्दात समजेल: बांध. फरक एवढाच की इथे बांध पाण्यात होता आणि सरकवणारा छोटा भाऊ होता. आइसलँड १९४४ साली डेन्मार्कपासून पूर्ण वेगळं होऊन प्रजासत्ताक झालं. सत्तरच्या दशकात तिथली वस्ती सव्वादोन लाखांच्याही आत. २०११ च्या जनगणनेतलं मालेगाव घेतलं तरी त्याच्या निम्म्याहून कमी. शेती बेताची, झाडं तुरळक, कारखाने मोजके. जे काय होतं ते समुद्रात. लासलगावला कांद्याचा भाव पडला की सगळ्या तालुक्याचं तोंड उतरतं ना, तसं त्या अख्ख्या देशाचं कॉडवर. आणि शेजारचे मोठे देश आपले मोठमोठे ट्रॉलर घेऊन त्यांच्या अंगणात येऊन जाळी ओढत होते. त्यात ब्रिटन सगळ्यांत पुढे, अनेक पिढ्यांपासून.

तर आइसलँडने बांध सरकवायला सुरुवात केली. १९५२ साली ४ सागरी मैल. ब्रिटनच्या बंदरांनी त्यांची मासळी उतरवून घेणं बंद केलं. ती मासळी रशियाने विकत घेतली, आणि शीतयुद्धाच्या दिवसांत सगळ्यांच्या भुवया वर गेल्या. १ सप्टेंबर १९५८ ला १२ मैल. तेव्हा ब्रिटनने आपल्या ट्रॉलरच्या राखणीला युद्धनौका धाडल्या. आइसलँडच्या राजधानीत, रेक्याविकमध्ये, लोक ब्रिटिश वकिलातीसमोर जमून आरडाओरडा करू लागले, तर राजदूत अँड्र्यू गिलख्रिस्टने आत ग्रामोफोनवर बॅगपाइप आणि लष्करी कवायतीची गाणी मोठ्याने लावली. राजदूत म्हणजे गोड बोलून वेळ मारून नेणारा, अशी माझी समजूत होती. हे महाशय गणपतीतल्या मंडळासारखे निघाले. अखेर १९६१ च्या मार्चमध्ये ब्रिटनने १२ मैल मान्य केले.

१ सप्टेंबर १९७२ ला ५० मैल. आणि आता आइसलँडने नवं हत्यार काढलं, जे ऐकून मी इंजिनिअर म्हणून मनातल्या मनात सलाम ठोकला. ट्रॉलर जाळं ओढतो ते दोन जाड पोलादी वायरींवर. जाळं खाली तळाशी, ट्रॉलर पुढे, मध्ये शेकडो मीटर वायर. आइसलँडवाल्यांनी नांगरासारखा चार फाट्यांचा एक अवजड गळ बनवला, त्याच्या बेचक्यांत पाती बसवली आणि तो आपल्या बोटीमागे वायरीला बांधून पाण्यात सोडला. ट्रॉलरच्या मागून आडवं निघून जायचं. गळ वायरीत अडकतो, वायर तुटते, जाळं माशांसकट तळाशी. गोळी नाही, स्फोट नाही, माणूस मारायचा नाही. हजारो पौंडांचं जाळं गेलं की ट्रॉलरवाला मुकाट्याने घरी. ५ सप्टेंबर १९७२ ला पहिल्यांदा कापलं. त्या ट्रॉलरने आपलं नाव आणि नंबर काळ्या रंगाने पुसून टाकले होते. नंबरप्लेटवर चिखल फासून फिरणारे आपल्याकडे आहेतच, तर तिकडेही आहेत.

पुढच्या वर्षी मे महिन्यात ब्रिटिश नौदल पुन्हा आलं आणि रेक्याविकमधल्या ब्रिटिश वकिलातीच्या काचा जमावाने फोडल्या.

या साऱ्या प्रकरणाला लोक गमतीने ‘कॉड युद्ध’ म्हणतात, आणि मीही आत्तापर्यंत गमतीनेच सांगत आलो. पण १९७३ च्या २९ ऑगस्टला गंमत नव्हती. आइसलँडच्या ‘एगिर’ या बोटीची आणि ब्रिटिश नौदलाच्या ‘अपोलो’ या फ्रिगेटची, म्हणजे युद्धनौकेची, टक्कर झाली. एगिरच्या अंगाला भोक पडलं. ते बुजवायला त्यांचा एक इंजिनिअर वेल्डिंग करत होता. आत पाणी आलं, वेल्डिंगच्या यंत्रावर गेलं आणि तो शॉक लागून गेला.

हे चालकाने सांगितलं तेव्हा मी खायचा थांबलो होतो. वेल्डिंगच्या होल्डरवर घरातल्या विजेपेक्षा कमी दाब असतो, कोरड्या माणसाला बहुधा नुसता झटका देऊन सोडतो. म्हणूनच त्याची भीती मरते. पण चारी बाजूंनी लोखंड, हातमोजे ओले, पायाखाली खारं पाणी, अशा जागी तेवढाच दाब पुरतो. मी स्वतः डबल बॉटममध्ये, म्हणजे जहाजाच्या दुहेरी तळातल्या अरुंद पोकळीत, पालथा पडून असं वेल्डिंग केलंय, घामाने भिजून, आणि वर दोन माणसं नुसती स्विचपाशी उभी करून. त्या माणसाने राष्ट्राच्या हद्दीचा विचार केला असेल असं मला वाटत नाही. भोक बुजवायचं होतं. आमच्या खात्यात काम असंच येतं.

त्या वर्षी नोव्हेंबरात दोन वर्षांचा समझोता झाला. दरम्यान १९७४ च्या जुलैत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला की आइसलँडला ५० मैलांतून ब्रिटनला असं एकतर्फी हाकलता येणार नाही. आइसलँड कोर्टात हजरच झालं नव्हतं. निकाल आला तरी त्यांनी मनावर घेतला नाही. ऑक्टोबर १९७५ मध्ये त्यांनी थेट २०० मैल लागू केले. २०० सागरी मैल म्हणजे ३७० किलोमीटर. नाशिकहून मुंबईला जावं, परत यावं आणि पुन्हा घोटीपर्यंत जावं, एवढं.

तिसरी फेरी सगळ्यांत वाईट. आइसलँडकडे नौदल नव्हतंच, तटरक्षक दलाच्या मोजक्या बोटी. समोर फ्रिगेटमागून फ्रिगेट. हिवाळाभर टकरा. आणि १९ फेब्रुवारी १९७६ ला आइसलँडने ब्रिटनशी राजनैतिक संबंध तोडले. लक्षात घ्या, दोघंही नाटोचे सभासद, १९४९ पासूनचे, म्हणजे एकावर हल्ला झाला तर दुसऱ्याने धावून जायचं असं लिहून दिलेले. भावकीत असं होतं: पंगतीला एका ओळीत बसायचं, पण एकमेकांना वाढायचं नाही, आणि निरोप तिसऱ्याच्या तोंडून. नाटोच्या दोन देशांत तोपर्यंत असं घडलं नव्हतं. ६ मे १९७६ ला ‘फाल्मथ’ नावाची फ्रिगेट ‘तीर’ या बोटीवर अशी आदळली की तीर जवळजवळ उलटली. माझा अंदाज आहे की पोराच्या भिंतीवरचा फोटो त्याच हंगामातला असावा.

मग जिंकलं कोण? ज्याच्याकडे जहाजं कमी होती तो. कारण त्याच्याकडे जागा होती. रेक्याविकजवळ केफ्लाविकला अमेरिकेचा तळ होता. उत्तर अटलांटिकमध्ये उतरणाऱ्या रशियन पाणबुड्यांवर नजर ठेवायला ते ठिकाण सोन्यासारखं. तुम्ही ब्रिटनला आवरत नसाल तर आम्ही नाटोत कशाला राहायचं, असा सूर आइसलँडने लावला. नाटोचे सरचिटणीस योसेफ लुन्स मध्यस्थीला फेऱ्या मारू लागले. १ जून १९७६ ला ऑस्लोत करार झाला: २०० मैलांच्या आत सरासरी २४ ब्रिटिश ट्रॉलर, तेही सहा महिनेच. त्यानंतर काही नाही. संबंध पुन्हा जुळले, राजदूत आपापल्या जागी गेले.

चालकाला सगळ्यांत जास्त राग ब्रिटनच्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्र्याचा होता. करार झाला तेव्हा त्या खुर्चीवर अँथनी क्रॉसलंड होते, आणि ते खासदार कुठले? ग्रिम्सबीचे. आपल्याच मतदारसंघाची रोजीरोटी आपल्याच कारकिर्दीत आटोपती घ्यायची! दिंडोरीच्या खासदाराकडे वाणिज्य खातं यावं आणि त्यानेच कांद्याची निर्यात कायमची बंद करावी, असं समजा. हरल्यावर मात्र ब्रिटन शहाणं झालं, १९७७ च्या जानेवारीपासून त्यांनीही स्वतःभोवती २०० मैल आखून घेतले. आपणही १९७६ मध्येच कायदा करून २०० मैलांचा आर्थिक पट्टा घेतला, आणि १९८२ च्या सागरी कायद्यात तो आकडा जगाचा झाला. हर्णैहून खोल समुद्रात जाणारी बोट भारताच्या म्हणून ज्या पाण्यात जाळं टाकते, त्या आकड्यामागे आइसलँडचा तो गळही आहे. माझ्या मामांनी ट्रॉलरवर आयुष्य काढलं, त्यांना हे कधी कुणी सांगितलं नाही. त्यांचं भांडण जवळचं होतं: परराज्यातले मोठे ट्रॉलर रात्री किनाऱ्यालगत येतात आणि सकाळी आपल्या जाळ्यात शेवाळ. मामांकडे तसा गळ असता तर कोकणातही युद्ध झालं असतं.

दोन्ही देशांचं त्यानंतर तसं बरं चाललंय, अधूनमधून ठिणगी पडते. २००८ मध्ये आइसलँडची बँक बुडाली आणि तिच्या ऑनलाइन खात्यात ठेवी ठेवलेले ब्रिटिश लोक अडकले, तेव्हा ब्रिटनने त्या बँकेची मालमत्ता दहशतवादविरोधी कायदा वापरून गोठवली. पतसंस्थेत पैसे अडकलेल्या नाशिककराला ठेवीदाराचा संताप कळेल, पण समोरच्या सबंध देशाला अतिरेक्यांच्या यादीत गेल्यासारखं वाटलं ते वेगळंच. आणि २०१६ च्या युरो स्पर्धेत आइसलँडने इंग्लंडला २-१ ने हरवलं त्या रात्री मी इंदिरानगरच्या घरात एकटा जागा होतो आणि ग्रिम्सबीचा चालक जिवंत असेल का, याचा विचार करत होतो.

हे सगळं मी पोराला सांगितलं. सव्वा तास लागला. हिनं दुसरी कॉफी घेतली. पोराने शेवटी विचारलं, “काका, मग फोटो काढून टाकू?” मी म्हटलं, फोटो ठेव, स्टिकर काढ. आणि मेन्यूतला कॉड काढ. तीन वेळा नौदल आणूनही ब्रिटनला तो मासा टिकवता आला नाही, आणि तू एका प्रिंटआउटवर आणलास.

दुसऱ्यांदा गेलो ते शनिवारी, एकटा. जाताना बाजारातून सुरमईचे चार तुकडे घेतले, त्यातल्या त्यात बरे बघून, कातडं काढून. पोराला म्हटलं, तुझं बॅटर, माझा मासा, तळून बघ. त्याने पहिला तुकडा जास्त वेळ ठेवला, सुरमई बासाइतकी पाणीदार नसते, कोरडी पडली. दुसऱ्याला त्याने मीठ-लिंबू लावून दहा मिनिटं ठेवलं, पीठ थोडं पातळ केलं आणि तेलातून लवकर काढलं. तो तुकडा मी उभ्याने खाल्ला. कवच फुटलं, आत जाड पाकळ्या सुटल्या. कॉड नव्हे, कॉडपेक्षा चवदार. कॉडला स्वतःची चव तशी बेताचीच, हे ग्रिम्सबीत बोललो नव्हतो, इथे बोलतो. उरलेले दोन तुकडे त्याने आणि भांडी घासणाऱ्या मुलाने वाटून खाल्ले. पैसे घेईना. मी चिप्सचे तरी घे म्हणून १२० रुपये ठेवले, आणि त्या अजूनही बारीकच आहेत हे सांगितलं.

तिसरी फेरी गेल्या आठवड्यात. मेन्यू तोच आहे, नवा छापायला पैसे लागतात. पण ‘अटलांटिक कॉड’वर पेनाने रेघ मारून वर ‘बासा’ लिहिलंय, आणि किंमत ३६० ची ३२० केलीय. चिप्स हाताने कापलेल्या, जाड, अजून थोड्या कच्च्या. पीजमधला पुदिना गेला नाही. गिऱ्हाइकांना आवडतो म्हणे. फोटोखाली नवं स्टिकर आलंय, त्यात साल १९७३ लिहिलंय. मी १९७६ सांगितलं होतं. वाद घातला नाही.

जायचं असेल तर संध्याकाळी सातच्या आत जा, नंतर कॉलेजच्या पोरांची गर्दी होते आणि तेल दमतं. चारचाकी नेऊ नका. सोमवारी बंद. सुरमई हवी असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं, आणि १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे मासेमारी बंद असते, तेव्हा सांगूच नका. तेव्हा बासा खा, नाही तर कॉफी प्या. पाचपैकी साडेतीन. व्हिनेगर बदललं तर चार करीन.